चारशे बारा निधनवार्ता

प्रफुल्ल नगराळेनं घाटंजीत ‘वाघाडीकाठ’ नावाची वेबसाइट सुरू केली, तेव्हा त्याला वाटलं होतं की लोक कापसाचे भाव आणि पंचायत समितीच्या बातम्या वाचतील. वर्षभरात त्याच्या ध्यानात आलं, लोक सगळ्यात आधी निधनवार्ता उघडतात. कोण गेलं, कुठलं, माती किती वाजता. एवढं कळलं की माणूस चप्पल घालून निघतो. तालुक्यातली कितीतरी माणसं पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला पांगलेली. त्यांना गावाकडून दुसरं कोणी कळवणारं नव्हतं.

बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं. लोक तिथंच चिठ्ठी घेऊन येत, तो टाइप करून वेबसाइटवर टाकी. बारा वर्षांत त्यानं एकाही निधनवार्तेचा पैसा घेतला नव्हता.

वेबसाइटवरची बातमी लोकांच्या मोबाइलवर जायची ती एका फीडमधून. फीड म्हणजे एक लांबलचक फाइल. प्रत्येक बातमीचं शीर्षक, तारीख, मजकूर त्यात ओळीनं लिहिलेलं असतं, आणि मोबाइलमधलं अ‍ॅप ती फाइल वाचून ‘नवीन बातमी आली’ असं सांगतं. प्रफुल्लचं फीड जुन्या फॉरमॅटमध्ये होतं. त्या दिवाळीनंतर अ‍ॅपवाल्या कंपनीनं कळवलं, पुढच्या महिन्यापासून जुना फॉरमॅट वाचणार नाही, नव्यात द्या.

प्रफुल्लनं स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. जुन्या फीडमधली एकेक बातमी उचलायची आणि नव्या फॉरमॅटमध्ये मांडायची. नव्या फॉरमॅटला प्रत्येक बातमीची तारीख लागतेच, तारीख नसली तर तो बातमी घेत नाही. म्हणून त्यानं एक ओळ घातली होती: तारीख वाचता आली नाही तर आजची टाक. अलीकडच्या दहा बातम्यांवर त्यानं प्रोग्राम चालवून पाहिला. दहाही नीट आल्या.

एक गोष्ट तो विसरला होता. २०१९ च्या आधी तो निधनवार्तांच्या तारखा मराठीत लिहीत असे. ‘१४ जुलै २०१७’, असं देवनागरी आकड्यांत. प्रोग्रामला ते आकडे वाचताच येत नव्हते.

सोमवारी सकाळी दहा वाजता त्यानं नवं फीड चालू केलं आणि चहा प्यायला म्हणून मागच्या खोलीत गेला. दुकानामागेच त्याचं घर. आई कांताबाई ओट्याजवळ मेथी निवडत बसली होती. तिचा मोबाइल शेजारी वाजत होता. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

“काय वाजून राह्यलं रे हे?” असं म्हणत तिनं फोन उचलला. चष्मा नाकावर ओढून ती बोटानं पडदा वर सरकवू लागली. सरकवता सरकवता तिचं बोट थांबलं.

“प्रफुल्ल.”

“काय आई?”

“तुह्ये बाबा आज गेले काय रे?”

त्याला कळेना ती काय म्हणते. तिनं फोन पुढं केला. ‘निधनवार्ता: गोविंदा संपत नगराळे.’ खाली आजची तारीख. एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेल्या त्याच्या वडिलांना जाऊन सात वर्षं झाली होती. ती बातमी प्रफुल्लनंच टाइप केली होती, त्याच खुर्चीत बसून.

तो पळतच दुकानात गेला. फीड बंद केलं. पण जे गेलं होतं ते गेलं होतं. तीन हजारांवर मोबाइलमध्ये चारशे बारा माणसं त्या सकाळी पुन्हा मेली होती.

मग फोन सुरू झाले. पारव्याहून एकजण ओरडला, “माह्या बायकोले मरून नऊ वर्षं झाले, दुसरी बायको फोन घेऊन रडून राह्यली, हा काय धंदा हाय?” पांढरकवड्याच्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी फक्त विचारलं, “काही चूक झाली असेल ना?” आणि उत्तर ऐकून फोन ठेवला. प्रफुल्ल प्रत्येकाला तेच सांगत होता. चूक माझी आहे, जुनी बातमी आहे, माफ करा. त्यानं माफीची सूचनाही टाकली. पण ती सूचना चारशे बारा बातम्यांच्या वर एकटीच होती. कोणी वाचली, कोणी नाही.

दुपारी पुसदहून एका बाईचा फोन आला. ती शीला, लालसिंग तांड्यावरच्या रामधन राठोडची मुलगी. ओरडली नाही.

“प्रफुल्लभाऊ, माह्या भावाची बातमी आली. भारतची.”

“हो ताई. चूक झाली माझी.”

“मले समजलं. पण याडीजवळ, माह्या मायजवळ फोन नाही. लोकच तिच्याकडं चालत गेले. सकाळपासून दारात बाया येऊन बसल्या. कोणी म्हणते जुनी बातमी, कोणी म्हणते दुसरा भारत असन. याडी जेवली नाही. तुम्ही स्वतः जाऊन सांगता काय तिले? तुमचं ऐकन ती. तुम्हीच तर छापली होती तेव्हा.”

“उद्या सकाळीच जातो,” प्रफुल्ल म्हणाला.

भारत त्याला आठवत होता. बावीस वर्षांचा. शेतातल्या विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागला. रामधन चिठ्ठी घेऊन दुकानात आला होता. प्रफुल्लनं तेव्हा विचारलं होतं, “सगळ्या सोयऱ्यांना कळवलं ना बाबा?” रामधननं मान हलवली होती. हो की नाही, ते प्रफुल्लनं नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास प्रफुल्ल मोटरसायकलवर तांड्याच्या फाट्याला पोचला. डांबरी रस्त्यावरून आत दोन किलोमीटर कच्ची वाट. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या. फाट्यावर नुकतीच बस गेली होती. एक म्हातारा माणूस हातातली कापडी पिशवी सावरत आतल्या वाटेनं जवळजवळ धावत चालला होता. मोटरसायकलचा आवाज ऐकून तो वळला आणि हात आडवा केला.

“बेटा, लालसिंग तांड्यावर चाललास काय? मले घे. दहाची माती हाय, उशीर होऊन राह्यला.”

“बसा बाबा. कोणाची माती?”

म्हातारा मागे बसत म्हणाला, “माह्या भाच्याची. रामधन राठोडचा पोरगा. भारत.”

प्रफुल्लनं गाडी पुढं घेतली. मागे म्हातारा बोलतच होता. त्याचं नाव अमरसिंग. हैदराबादेत नव्या इमारतींवर वॉचमन होता. काल सकाळी मोबाइलवर बातमी पाहिली आणि साहेबाला न सांगता निघाला. आदिलाबादेला गाडी चुकली, स्टँडवरच बसून राहिला, पहाटेची पहिली गाडी धरली.

“बातमीत लिहेल होतं, उद्या सकाळी दहा वाजता तांड्यावर माती. म्हटलं पोचन. थांबतीन ना ते माह्यासाठी? मामा हाय मी.”

अर्धा किलोमीटर गेल्यावर प्रफुल्लनं एका बाभळीखाली गाडी थांबवली.

“उतरा बाबा थोडं.”

“काहून? पेट्रोल संपलं?”

“नाही.” तो स्वतः उतरला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहून बोलायचं त्याला होईना, म्हणून तो त्याच्या पिशवीकडं पाहत बोलला. “बाबा, भारत काल-परवा नाही गेला. त्याले जाऊन आठ वर्षं झाली.”

अमरसिंगनं खिशातून मोबाइल काढला. काच तडकलेली होती. त्यानं बातमी उघडून दाखवली. “हे पाह्य. कालची तारीख हाय. दहा वाजून चार मिनिटं.”

“ती तारीख चुकीची आहे. ती वेबसाइट माझी आहे. माझ्या हातून चूक झाली, जुन्या बातम्या नव्या होऊन गेल्या. भारत सतरा सालच्या जुलैत गेला.”

“तुही हाय?”

“हो.”

म्हातारा गाडीपासून बाजूला झाला. मग वाटेच्या कडेला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला. प्रफुल्लला वाटलं तो चिडेल, हात उगारेल. तो बोटांवर काही मोजत होता.

“सतरा साली माह्यापाशी साधा फोन होता,” तो म्हणाला. “हा चार वर्षांपूर्वी घेतला. गावची खबर वाचायले. इकडं येत नव्हतो, पण रोज वाचे. शीलाच्या लग्नात रामधननं मले पंगतीतून उठवलं. माहं काय चुकलं थे सोड. म्हणला, तुह्या पायाची धूळ माह्या दारात नको. मी न जेवता गेलो. त्याच्यावर दोन वर्षांनी हे झालं म्हनतोस?”

“हो.”

“कोणी सांगतलं नाही मले. आमची माणसं भेटत हैदराबादेत. कोणी भारतचं नावच काढे ना. मले वाटे, त्याचं लग्न झालं असन अन् मले बोलावलं नसन, म्हून हे लाजून राह्यले. त्या लग्नाचा राग धरून बसलतो मी, बेटा. इतके वर्षं. न झालेल्या लग्नाचा.”

बोंडं वेचणारी एक बाई लांबून त्यांच्याकडं पाहत उभी राहिली होती. प्रफुल्लनं पाण्याची बाटली पुढं केली. अमरसिंगनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं.

“आता जाऊ का परत जाऊ?” त्यानं विचारलं. “दहाची माती तर नाही आता.”

“चला बाबा,” प्रफुल्ल म्हणाला. “मी पण तिथंच चाललो.”

रामधनचं घर तांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. अंगणात चारपाच बाया बसल्या होत्या. भुरीबाई, भारतची आई, भिंतीला टेकून बसलेली. शेजारची हंसाबाई तिच्या हातात चहाची कपबशी देत होती आणि ती घेत नव्हती. दारातल्या बाजेवर रामधन. आठ वर्षांत फारच वाळला होता.

मोटरसायकलच्या मागून उतरणाऱ्या म्हाताऱ्याला भुरीबाईनं लगेच ओळखलं. ती उठून उभी राहिली, पण पुढं आली नाही.

“भिया, आता आलास?” ती भावाला म्हणाली. “आठ वर्षांनी?”

“भुरी, मले काल कळलं.”

“खोटं नको बोलू माह्यासमोर. यायनं फोन केलता तुले. पोरगं अंगणात ठेवलं होतं, मी म्हटलं माह्या भावाले येऊ द्या, मग उचला. यायनं फोन केला. मागून कळलं मले, तू म्हणलास, मी येत नाही त्या दारात.”

“कोणं केला फोन?”

“यायनं.” तिनं बाजेकडं हात केला.

“मले कोणाचाच फोन नाही आला, भुरी. सेवालाल महाराजाची आण. मले काल कळलं. या पोराच्या चुकीनं कळलं.”

भुरीबाईनं मान वळवली. सगळ्या बायांनी वळवली. रामधन बाजेवरून उठला नाही. त्यानं नजर जमिनीकडं वळवली.

“सांगा,” भुरीबाई म्हणाली.

“नाही केला,” रामधन म्हणाला.

हंसाबाईनं कपबशी खाली ठेवली. कुठंतरी शेळी ओरडली.

“रागात होतो,” तो पुढं म्हणाला. “म्हटलं, उद्या करीन. उद्या माती झाली. मग म्हटलं, तेरवीले सांगीन. तेरवीही गेली. मग कोणत्या तोंडानं करू? तू रोज विचारे, भाऊ काहून नाही आला, काहून नाही आला. एक दिवस तोंडातून निघून गेलं, येत नाही म्हणते. एकदा बोललो तर बोललो. मग तेच चालू राह्यलं. लोकायलेही मी तेच सांगतलं.”

प्रफुल्लला वाटलं, आता ही बाई नवऱ्यावर तुटून पडेल. भुरीबाई त्याला एक अक्षरही बोलली नाही. ती चार पावलं पुढं आली आणि तिनं अमरसिंगच्या गळ्यात हात टाकले. मग ती रडू लागली. बंजारा बाया माहेरच्या माणसाच्या गळ्यात पडून सुरावर रडतात, एकेक गोष्ट सांगत, तसं. पोरगा किती उंच झाला होता ते तिनं सांगितलं. त्या दिवशी तो न्याहारी न करता विहिरीवर गेला ते सांगितलं. त्याचा उजवा हात कसा काळा पडला होता ते सांगितलं. “तू आयो कोनी, भिया,” मधेमधे ती म्हणायची, तू आला नाहीस. आणि अमरसिंग प्रत्येक वेळी “हो, भुरी” एवढंच म्हणायचा. अंगणातल्या बायाही रडू लागल्या. हंसाबाईनं पदर तोंडात धरला. भुरीबाई आठ वर्षांत अशी रडलीच नव्हती, असं हंसाबाईनं नंतर प्रफुल्लला सांगितलं. भाऊ आला नाही म्हणून भुरीबाईनं गळा काढला नव्हता. गळा काढायला कोणाचा गळा नव्हता.

बऱ्याच वेळानं ती थांबली. डोळे पुसून तिनं प्रफुल्लकडं पाहिलं. तो गाडीजवळ तसाच उभा होता.

“तू माफी मागायले आलास ना?”

“हो मावशी.”

“केलं माफ. पण बरं झालं असं मी म्हणनार नाही. काल सकाळी बाया दारात आल्या अन् म्हणल्या भारत गेला, तं माहा जीव एकदम खाली गेला. मले माहीत हाय तो कधीचा गेला. तरी गेला. दोनदा कोणाचं पोरगं मरू नये.”

“नाही मावशी,” प्रफुल्ल म्हणाला. 

भारतचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तांड्याच्या रीतीप्रमाणे त्याला जाळलं नव्हतं, पुरलं होतं. तांड्याच्या मागे नाल्याच्या अलीकडं दगडांची एक लांबट रास होती. भुरीबाई भावाला घेऊन तिकडं गेली. “तू पण ये,” ती प्रफुल्लला म्हणाली. रामधनला कोणी बोलावलं नाही. तो बाजेवरच राहिला.

दगडांवर तण वाढलं होतं. अमरसिंगनं चपला काढल्या, खाली बसून हातानं तण उपटलं. मग बाजूच्या वावरातली मूठभर काळी माती घेतली. मातीला आलेला प्रत्येक माणूस टाकतो तशी ती दगडांवर टाकली. थोडी त्याच्या बोटांना चिकटून राहिली. त्यानं ती झटकली नाही.

“किती वाजले?” त्यानं प्रफुल्लला विचारलं.

“साडेअकरा.”

“उशीर झाला,” तो म्हणाला.

प्रफुल्ल घाटंजीला परतला. पुढचे पंधरा दिवस त्यानं रोज दुपारी दुकान बंद ठेवलं. तारखा लावायला त्यानं आता कोणताही प्रोग्राम वापरला नाही. चारशे बारा बातम्या एकेक उघडून हातानं तारीख घातली. एकोणीस बातम्यांत मूळ तारीखच नव्हती. त्या घरांना त्यानं फोन केले. बहुतेकांना दिवस पाठ होता, एकदोघांना तिथी. एक बाई म्हणाली, “थे नको विचारू भाऊ, लिहू नको काही.” तिथं त्यानं बातमीच काढून टाकली. कांताबाई त्याच्या शेजारी स्टुलावर बसून यादीवर खुणा करायची. गोविंदा नगराळेचं नाव आलं तेव्हा तिनं न थांबता तारीख सांगितली, आणि त्यानं न थांबता टाइप केली. 

भुरीबाई त्या भेटीनंतर दोनच दिवसांनी भावाबरोबर हैदराबादला गेली, हे त्याला शीलाकडून कळलं. किती दिवसांसाठी, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

संक्रांतीनंतर एका सकाळी रामधन दुकानात आला. शेतकरी ओळखपत्राचा फॉर्म भरायचा होता. त्याचा अंगठा मशीन घेत नव्हतं, घासून घासून रेषा गेल्या होत्या. प्रफुल्लनं ओल्या फडक्यानं त्याचा अंगठा पुसला, पुन्हा ठेवायला लावला. चौथ्या वेळी घेतला.

“मावशी आल्या काय?” प्रफुल्लनं विचारलं.

“आली. पंधरा दिवस झाले.”

“बरी आहे ना तब्येत?”

“बरी हाय. वेळेवर भाकर देते. वावरात येते. पाणी तापवून देते अंघोळीले.” रामधन थांबला. “बोलत नाही. एक शब्द नाही. मी म्हटलं शिव्या दे, तं तिकडं पाह्यते.”

प्रिंटरमधून कागद बाहेर येत होता. रामधननं तो घेतला, घडी केली, परत उलगडली.

“प्रफुल्लभाऊ, तुले एक विचारू?”

“विचारा.”

“तवा फोन केला असता, तं आला असता काय तो? खरं सांगजो. पंगतीतून उठवलं होतं मी त्याले.”

प्रफुल्लला फाट्यावरून धावत निघालेला अमरसिंग डोळ्यांपुढं दिसला. दुसरं काही सांगता आलं असतं. रामधनला तेवढंच बरं वाटलं असतं.

“आला असता, बाबा.”

रामधननं मान हलवली. कागद बंडीच्या खिशात घातला, खिशावर दोनदा हात फिरवून तो आहे की नाही पाहिलं, आणि अकराची बस लागली होती तिकडं चालू लागला.